दोरा तीन बोटं पुढे

"चोराच्या हाताखाली माझा नातू राबणार नाही! मी जिवंत आहे तोवर तरी नाही!"

आजोबांनी काटा टेबलावर असा आपटला की सॅलडमधला एक वाटाणा उडाला आणि आईच्या बाहीवर जाऊन चिकटला. आईने तो काढला नाही. ती माझ्याकडे बघत होती. तू तोंड उघडलंस तर बघ, असं सांगणारी ती नजर मला लहानपणापासून पाठ आहे.

"बाबा, आज नको ना," ल्युत्सिना आत्या म्हणाली. "वर्षातून एकदा तुमच्या नावाचा सण येतो. पहाटे पाचपासून मी डुकराचे पाय शिजवतेय. महिन्याचं सगळं रेशन त्यात गेलंय. निदान ते थिजलेलं मटण तरी शांतपणे खा."

"मी शांतच आहे. ह्याला सांग शांत राहायला."

'ह्याला' म्हणजे झेनोन काकाला. आजोबांचा थोरला मुलगा. तो टेबलाच्या दाराकडच्या टोकाला स्टुलावर बसला होता आणि आल्यापासून एक शब्दही चढ्या आवाजात बोलला नव्हता. आजोबा त्याचं नाव घेत नाहीत. मी सोळा वर्षांचा आहे, सोळा वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. 'हा', 'तो', फार तर 'तो समुद्राकडचा'. तरी काका दर एकतीस जुलैला पुत्स्कहून अख्खा देश ओलांडून येतो, कारण जाड्विगा आजीने मरताना त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. येतो, स्टुलावर बसतो, शिव्या खातो, केक खातो, जातो.

"मी काय मागितलं बाबा?" काका म्हणाला. "पोरगं मार्चपासून भाजीच्या दुकानात पेट्या उतरवतंय. माझ्याकडे बोटींची इंजिनं आहेत, हाताला काम आहे, झोपायला खोली आहे. दोन वर्षं शिकू दे. नाही जमलं तर परत पाठवतो. पोस्टाने."

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

शाळेचं सांगून टाकतो. वर्कशॉपच्या मास्तरने मी आठवडाभर घासून काढलेला तुकडा न मोजताच भंगारात टाकला, म्हणून मी कानस खिडकीबाहेर फेकली. खिडकी बंद होती. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. आईला वाटतं, सप्टेंबरात पाया पडून मला परत घेतील. मला वाटतं, मी त्या मास्तरचं तोंड परत बघितलं तर या वेळी कानस खिडकीकडे जाणार नाही. काकाच्या गाडीत माझी बॅग जावी, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं. पण फ्लॅट आजोबांचा, आम्ही त्यात राहतो, आणि माझे बाबा वारल्यापासून आई आजोबांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नाही.

"इरेना," काका आईकडे वळला, "तू बोल. पोरगं तुझं आहे."

आई बाहीवरच्या वाटाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा म्हणतील तसं, भावजी."

"ऐकलंस?" आजोबा म्हणाले. "ज्याने बापाच्या खणात हात घातला, त्याच्याकडे पोर ठेवायचं म्हणजे काय, ते विटोल्डच्या बायकोला कळतं. विटोल्ड असता तर त्याने विषयच काढू दिला नसता. माझा विटोल्ड उभ्या जन्मात खोटं बोलला नाही."

विटोल्ड म्हणजे माझे बाबा. कपाटावर त्यांचा फोटो आहे, काळी फीत लावलेला. चार वर्षांपूर्वी तार्नुफच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली. तेव्हापासून या घरात ते संत झालेत. आजोबांचं नाव ज्याच्यावरून ठेवलंय आणि ज्याच्या दिवशी हा सण येतो, त्या संत इग्नात्सीच्या शेजारी त्यांचीच जागा.

मी मान वर केली. मला राग आला की मी वर बघतो, आणि आमच्या टेबलाच्या वर बघितलं की वोश दिसतो.

वोश म्हणजे खरं तर दांडगं सांबर, पण महायुद्धाआधी आमच्याकडे त्या नावाचं बाँबफेकी विमान होतं. दोन इंजिनं, दोन शेपट्या, गोऱ्या पोरीसारखं देखणं. आजोबा इथल्याच, म्येलेत्सच्या कारखान्यात ती विमानं जोडायचे. आता जगात एकही शिल्लक नाही. आमच्या टेबलावर लटकतं ते कागदाचं. मासिकात छापून येतं, कापायचं, वाकवायचं, चिकटवायचं. एकोणीसशे साठ साली माझ्या बाबांनी आणि काकाने ते महिनाभर बसून बनवलं. बाबा नऊ वर्षांचे, काका चौदा. दर सणाला आजोबा तिसऱ्या पेल्यानंतर सांगतात, "धड विटोल्डचं! बोटं बारीक होती ना त्याची, आत फासळ्या बसवायला. पंख दुसऱ्याचे."

दुसरा स्टुलावर बसून ऐकतो.

आणि त्याच महिन्यात तो बोल्ट गेला. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला तेव्हा आजोबांच्या हातात एका वोशच्या पंखाचा बोल्ट होता. बसवायचा राहिला. ते पळाले, बोल्ट खिशात. पुढे पाच वर्षं तो कोटाच्या अस्तरात शिवलेला होता. लढाई संपली, बोल्ट खणात आला. पोरांना हात लावायची बंदी. आणि साठ साली एके सकाळी खण उघडला तर रिकामा. काका त्या काळी सिनेमाच्या तिकिटासाठी भंगार विकायचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग काय! आजोबांनी त्याला अंगणात नेऊन पट्ट्याने मारलं. तो 'मी नाही' म्हणाला, म्हणून आणखी मारलं. त्या शरद ऋतूत काका समुद्राकडच्या वसतिगृहात गेला आणि पाहुणा म्हणूनच परत आला.

हे मला आत्याने सांगितलं, आजीने सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या बाईनेसुद्धा सांगितलं. बाबांनी कधी सांगितलं नाही.

"दादाने काहीतरी आणलंय तुमच्यासाठी," आत्या मध्ये पडली. तिने खुर्चीखालून मोठं खाकी पाकीट काढलं. "बघा तरी. तेवढ्यात मी कॉफी टाकते."

"त्याच्याकडून मला काही नको."

"मग मी बघतो," मी म्हणालो आणि पाकीट ओढून घेतलं.

आत वोश होता. नवा, न कापलेला, आठ पानं. शाईचा वास अजून ओला. मातकट हिरवी पाठ, फिकट निळं पोट, पंखांवर लाल-पांढरे चौकोन, प्रत्येक तुकड्याला आकडा.

"सत्तावीस वर्षांनी पुन्हा छापलं," काका म्हणाला. आजोबांना नाही, मला. "पुत्स्कच्या टपरीवालीने माझ्या नावाची फाइल ठेवलीय. आला अंक की फाइलमध्ये. अकरा वर्षं. रणगाडे आले, जहाजं आली, एकदा तर दीपस्तंभ आला. ती म्हणायची, झेनोनसाहेब, एवढी खेळणी करता, पोरंबाळं किती? मी म्हणायचो, एकही नाही, पण एक विमान यायचंय."

आत्या कॉफी टाकायला उठली होती, ती तिथेच उभी राहिली. आत्याचं मला कळतं. ती नेहमी आजोबांच्या बाजूला बसते, कारण भांडण झालं की खरकटं तिलाच काढावं लागतं, आणि आजोबांच्या बाजूने बसलं की भांडण लवकर मिटतं. पण अकरा वर्षं दर महिन्याला टपरीवर जाणारा भाऊ तिच्या हिशोबात नव्हता. तिने किटली घट्ट धरली आणि आजोबांकडे बघितलं. पहिल्यांदा असं बघितलं, की तुम्हाला काहीच कसं होत नाही? मग किटली शेगडीवर ठेवून आली.

आजोबा थिजलेल्या मटणावर व्हिनेगर ओतत होते. डबक्यासारखं साचलं तरी ओतत होते.

मी शेवटचं पान उलगडलं. त्यावर जोडणीचं चित्र असतं, विमान बाजूने, फासळ्या कुठे, पंखांची काडी कुठे. मी चित्र बघितलं. मग वर बघितलं. मग परत चित्र.

मला हाताने काही करताना घाई होते, चिडचिड होते, पण डोळ्यांना घाई नसते. डोळे माझे आजोबांसारखेच आहेत, असं आजी म्हणायची.

वोश एकाच दोऱ्यावर लटकतो. कुठलंही विमान एका दोऱ्यावर सरळ लटकवायचं तर दोरा वजनाच्या मध्यावर बांधावा लागतो. कागदी वोशचा मध्य पंखांतून जाणाऱ्या काडीपाशी कुठेतरी यायला हवा, कारण सगळं जड सामान तिथेच, इंजिनंही तिथेच. आमच्या वोशचा दोरा काडीच्या तीन बोटं पुढे होता. पार चालकाच्या काचेपाशी. तरी तो सरळ लटकत होता. शेपटी खाली गेलेली नाही, काही नाही. टेबलासारखा सरळ.

सोळा वर्षं मी त्याच्याखाली बसून सूप प्यायलो होतो.

मी खुर्चीवर चढलो.

"ओलेक! उतर!" आई.

"काही करत नाही."

मी पंखांखाली, काडीच्या जागी दोन बोटं लावली आणि विमान जरासं उचललं. दोरा सैल झाला. नाक धाडकन खाली गेलं.

"हात लावू नकोस त्याला!" आजोबा ओरडले. त्यांचा आवाज मी ऐकलाय, रोज ऐकतो. हा त्यातला नव्हता. हा घाबरलेला होता.

मी नाकाच्या पोटाखाली बघितलं. फिक्या निळ्या कागदात एक बारीक भोक होतं. सुईचं.

मी खाली उतरलो. खुर्चीवर बसलो.

नाकात काहीतरी जड होतं. धड बंद करण्याआधीच ते आत जाऊ शकत होतं, कारण कागदी विमान एकदा बंद केलं की बंद. फाडल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि धड कोणी बंद केलं होतं? धड विटोल्डचं. बारीक बोटं.

मी फोटोकडे बघितलं. बाबा त्यात हसतायत, मोटरसायकलवर टेकून. मला एकदम आठवलं, बाबा या टेबलावर कधीच माझ्या जागी बसायचे नाहीत, जिथून वोश समोर दिसतो. त्याच्याकडे पाठ करून बसायचे. आणि दर सणाला केकचा कडेचा तुकडा, खरपूस, जो सगळ्यांना हवा असतो, तो उचलून काकाच्या ताटलीत टाकायचे. आई चिडायची, "पोराला दे ना!" बाबा म्हणायचे, "पाहुण्याला आधी."

बोललो तर काका सुटतो आणि मी त्याच्याबरोबर सुटतो. पण बाबांच्या फोटोचं काय? आई रोज त्याच्यावरची धूळ पुसते. मी गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं होतं. मला गप्प बसणं जमत नाही असं सगळे म्हणतात, पण मी जीभ दातांत धरली होती.

काका उठला. पँट झटकली. "चला. सहाशे किलोमीटर जायचंय. ल्युत्सिना, पाय मस्त झाले होते. बाबा, शंभर वर्षं जगा." तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाढीच्या पात्याने काप, अर्धं मोडून घे. कडा रंगवायला विसरू नको, नाहीतर पांढऱ्या दिसतात."

"तो कागद पण घेऊन जा म्हणावं," आजोबा भिंतीला म्हणाले. "चोरीच्या पैशाचा असेल."

झालं. दात सुटले.

"नाकात काय आहे आजोबा?"

"काय?"

"वोशच्या नाकात. दोरा तीन बोटं पुढे का आहे? नाकात काहीतरी लोखंडी आहे. बोटाएवढं. काय असेल तेवढंच लोखंडी, या घरातून हरवलेलं?"

"ओलेक, गप्प बस," आई म्हणाली. ती इतक्या हळू म्हणाली की मला कळलं, तिला कळलंय. तिचा हात बाहीवर गेला, तो वाटाणा अजून तिथेच होता, आणि तिने तो चिरडला. "तुझे बाबा नऊ वर्षांचे होते. नऊ."

"मी कुठे काय म्हणतोय!"

"म्हणू नकोस. तो गेलाय. त्याला उत्तर देता येत नाही."

"काकाला येत होतं ना उत्तर देता? त्याने दिलं. त्यावर आणखी मार खाल्ला!"

काका दारात उभा होता, हात दाराच्या मुठीवर. त्याने वर बघितलं. मला वाटलं तो ओरडेल. पण तो विमानाकडे बघत राहिला, मेकॅनिक बघतो तसा, आणि त्याचे ओठ हलले. तो मोजत होता. काडी, दोरा, अंतर. मग तो सावकाश स्टुलावर परत बसला.

"असू दे ओलेक," तो म्हणाला. "फाडू नका. सत्तावीस वर्षं टिकलंय ते."

हे ऐकून मला वाटलं, आता काही होत नाही. आजोबा मला कानफटीत देतील, काका जाईल, मी उद्या सकाळी कोबीच्या पेट्या उतरवीन.

आजोबा म्हणाले, "पातं आण."

"बाबा!" आत्या.

"न्हाणीघरात, आरशामागे. नवं आण, गंजकं नको."

मी पातं आणलं. परत आलो तर आजोबा स्वतः उभे राहून दोरा सोडत होते. गाठ त्यांनी न बघता सोडली. विमान टेबलावर, थाळ्या बाजूला सारून, पाठीवर ठेवलं. मी पातं नाकाच्या टोकाशी नेलं.

"तिथून नको. काच चुरगळेल. पोटाला शिवण आहे बघ, चौथ्या फासळीपासून पुढे. तिथून घाल. बोल्ट कापसात आहे, घाबरू नकोस."

किटली शिटी मारायला लागली आणि आत्याने ती बंद केली नाही.

काका म्हणाला, "चौथी फासळी तुम्हाला कशी ठाऊक?"

आजोबा खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर.

"दोरा मीच बांधला होता."

मग ते बोलले ते टेबलक्लॉथशी बोलले. "जाड्विगा चर्चला गेली होती धाकट्या दोघांना घेऊन. हा तिकडे गेल्याला तीन आठवडे झाले होते. मी म्हटलं, पोरांनी केलंय, लटकवू या. दोरा काडीपाशी बांधला तर नाक खाली. पुढे घेतला, तरी खाली. आणखी पुढे. मी विमानं जोडायचो, मला काय कळत नाही? जाड्विगाची सुई घेतली, खुपसली. आधी कापूस लागला. मग टोकाला लोखंड."

"तीन आठवडे," काका म्हणाला.

"हो."

"मी वसतिगृहात होतो. रोज संध्याकाळी पत्राची वाट बघायचो."

"हो."

"एक ओळ, बाबा."

"सगळ्या गल्लीसमोर मारलं होतं," आजोबा म्हणाले. "कुठल्या तोंडाने लिहू? म्हटलं, नाताळात आला की सांगू. नाताळात तू आला नाहीस. मग पुढच्या वर्षी. मग लहानग्याला विचारावं लागलं असतं. तो माझ्याकडे असा बघायचा... मला वाटलं, तोच सांगेल कधीतरी. त्याला वाटलं असेल, मला कळत नाही. मग सवय झाली."

"सवय!" हे आत्या ओरडली. किटली आपटली तिने. "दर वर्षी 'चोर' म्हणायची सवय? माझ्या लग्नात म्हणालात! आईच्या शवपेटीपाशी म्हणालात! आणि मी, मी मूर्ख, दादाला सांगत बसायचे, बाबांची माफी माग, संपव एकदाचं!" तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून दाराकडच्या टोकाला आणली आणि काकाच्या स्टुलाशेजारी ठेवून त्यावर बसली. एवढंच. पण आमच्या घरात त्या खुर्चीने जागा सोडली म्हणजे भिंत सरकली.

मी पातं घातलं. जुना गोंद ठिसूळ झाला होता, शिवण कुरकुरत उघडली. आत पिवळा कापूस, आणि कापसात बोल्ट. अजून तेलकट. मी नाकाचा कागद उलटा केला. कापण्याआधी तुकड्याचा आकडा मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा असतो, नाहीतर कुठला तुकडा कुठला ते कळत नाही. बाबांनी लिहिला होता. १७. आणि त्याखाली, वाकड्या मोठ्या अक्षरांत:

'बाबांसाठी. आत खरा बोल्ट. आता हा खरा वोश.'

मी ते मोठ्याने वाचलं.

आईने माझ्या हातातून कागद घेतला नाही, नुसतं अक्षरांवर बोट फिरवलं. "भेट होती," ती म्हणाली. "लटकवताना सांगणार असेल. त्याआधीच तुम्ही खण उघडलात बाबा. त्याआधीच पट्टा काढलात." ती फोटोकडे बघत होती आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं झालं. तिचा चेहरा सैल पडला. चार वर्षं संताशी संसार करून माणूस दमतं. आता तिथे नऊ वर्षांचं घाबरलेलं पोरगं होतं, आणि त्याला तिला जवळ घेता येत होतं.

काकाने बोल्ट तळहातावर तोलला.

"मला वाटायचं, तुम्हाला खरंच वाटतं मी चोर आहे," तो म्हणाला. "त्या रागावर मी जगलो. म्हटलं, बापाची समजूत चुकलीय. चुकते माणसाची. पण हे जास्त वाईट आहे बाबा."

"हो," आजोबा म्हणाले.

त्यांनी आणखी काहीतरी म्हणावं म्हणून आम्ही सगळे थांबलो होतो. त्यांनी टेबलक्लॉथवरची एक सुरकुती अंगठ्याने सपाट केली.

काकाने बोल्ट टेबलावर ठेवला. माझ्यापुढे. "परत आत घाल. कापूस घट्ट बसव. त्याच्याशिवाय ते वाकडं लटकेल." मग उठला. "मी गाडी गरम करतो. इंजिनातून कसलासा आवाज येतोय, दहा मिनिटं बघतो. जास्त थांबणार नाही."

त्याने 'येतोस का' असं विचारलं नाही. आजोबांना तर नाहीच. जिन्यात त्याची पावलं वाजली.

"बॅग मी भरते," आई म्हणाली. आजोबांकडे न बघता म्हणाली. "लोकरीचा स्वेटर कुठाय रे? तिकडे जुलैतही वारा असतो म्हणे."

आत्या तिच्या मागोमाग गेली. खोलीत मी आणि आजोबा उरलो. टेबलाच्या त्या बाजूला ते एकटेच, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला होताही. पण त्यांच्या मिशीला व्हिनेगर लागलं होतं आणि ते पुसायला कोणी सांगत नव्हतं.

मी कापूस बसवला. बोल्ट बसवला. शिवणीच्या दोन्ही कडांना रबरी गोंद लावला, जरा सुकू दिला, मग कडा चिमटीत धरल्या.

"शंभर मोज," आजोबा म्हणाले. "त्याआधी सोडलंस तर उघडेल."

"माहितेय."

"सांग त्याला... पुढचा डावा टायर बसलाय जरा. मी गॅलरीतून बघितला, सकाळी आला तेव्हा. हवा भरून घे म्हणावं."

मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळी ते म्हणाले होते, कोण आलंय ते मला बघायचंपण नाही.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "खिडकी उघडी आहे."

"मला नाही जमत ओलेक."

"नावापासून सुरुवात करा. नाव तरी आठवतंय ना?"

हे फार झालं, मला माहितेय. एरवी कानफटीत बसली असती. खालून भोंगा वाजला. काकाच्या गाडीला आमच्याकडे पोरगं म्हणतात, एवढीशी असते ती, आणि भोंगाही पोराच्या पिपाणीसारखा.

आईने बॅग दारात आणून ठेवली. स्वेटर वरच होता. नवा वोश, आठही पानं, तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आत घातला होता.

"किती झाले?" आजोबांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

परत भोंगा.

"आजोबा, इथे धरा. इथे, अंगठा खाली. दाबू नका, नुसतं धरा."

त्यांनी धरलं. त्यांची बोटं जाड, कापरी, पण शिवणीवर आली आणि थांबली. हलेनाशी झाली. मी हात काढला. ते वोश दोन्ही हातांत धरून उठले, ओठ हलत होते, बेचाळीस, त्रेचाळीस, आणि तसेच, विमान छातीशी घेऊन, गॅलरीच्या दाराशी गेले. हात मोकळे नव्हते, म्हणून कोपराने पडदा सारला.

मी बॅग खांद्यावर टाकली. आईने माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, सोडलं. मी अर्धा जिना उतरलो असेन नसेन, आणि वरून आवाज आला, चिरका, गल्लीभर जाईल असा.

"झेनोन!"

खाली गाडीचं इंजिन बंद झालं. मी दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून उभा. खालच्या बाईने दार किलकिलं केलंय, विचारतेय काय झालं रे ओलेक, कोणाला बोलावतायत आजोबा. सांगायला वेळ नाही बाई. मला आता निघायला हवं.